मरियामाता भावाच्या घरून आली

नाताळाच्या आधीच्या चार आठवड्यांना आमच्यात आगमनकाळ म्हणतात. मन साफ करायचं, प्रार्थना वाढवायची, एखादी आवडती गोष्ट सोडायची. मी दरवर्षी तंबाखू सोडायचो आणि झाली आपली तयारी, असं धरून चालायचो. चौथी शिकलेला माणूस मी, ओझरच्या कारखान्यात रंगकाम करून निवृत्त झालेला. देवाशी माझं सरळ होतं.

दोन हजार सालानंतर कधीतरी आमच्याकडे नवे फादर आले. आगमनाच्या तिसऱ्या रविवारी गुलाबी मेणबत्ती लावून ते म्हणाले, "आता आनंद करा." मला हे पटलं नाही. आनंद काय सांगून होतो? कुणी हसा म्हटलं की मी आधी बघतो, ह्याचं काय काम अडलंय.

आणि काम होतंच. मरियामातेची मूर्ती रोज संध्याकाळी एका घरून दुसऱ्या घरी न्यायची, असं त्यांनी ठरवलं. आणणाऱ्यानं दाराबाहेरून विचारायचं, "घरात जागा आहे का?" आतल्यानं "आहे, या" म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. घरांचा क्रम लागला, तर माझ्याकडे मूर्ती येणार होती धाकट्या भावाच्या घरून!

त्याचं घर गल्लीच्या त्या टोकाला, माझं ह्या टोकाला. मधली घरं सोडून मूर्ती उडी मारते कशी? भावाशी माझं बोलणं बंद होतं. माझ्या मुलीच्या लग्नात भर पंगतीत तो म्हणाला होता, मटण कच्चं आहे. तेव्हापासून चर्चमध्ये तो डावीकडे बसला की मी उजवीकडे.

फादरना गाठलं. "हा क्रम कुणी लावला?"

"चिठ्ठ्या टाकल्या, काका."

"कुणाच्या देखत?"

ते नुसते हसले.

घरी बायको गाणं गुणगुणत उंबरा धूत होती. म्हटलं, "तुला आधीच ठाऊक होतं ना?"

"अहो, तंबाखू सोडली की तुम्ही अगदी पोलीस होता."

ठरल्या संध्याकाळी गल्लीतली माणसं मेणबत्त्या घेऊन गात आली. दारापाशी गाणं थांबलं. मी आत कडीवर हात ठेवून उभा. कुणी काही विचारेना. तोही माझाच भाऊ, आधी कसा बोलेल? बाहेर कुणीतरी खोकलं.

"अहो, दार उघडा," बायको कुजबुजली.

"आधी विचारू दे त्याला. मी कुठं त्याचं तोंड धरलंय?"

मग आवाज आला, "दादा, घरात जागा आहे का?"

दादा म्हणायचं नियमात नव्हतं. मला वाटलं, हेही फादरनीच पढवलं असणार. पण त्याचा आवाज कापत होता. ते कसं पढवणार?

मी म्हणालो, "मूर्तीला आहे."

"मूर्ती माझ्या हातात आहे. मला बाहेर ठेवून ती एकटी चालत येईल का?"

गल्ली हसली. मलाही आतून असं काही उचंबळून आलं की ओठ घट्ट दाबून धरावे लागले. कडी काढली. "आहे, या," म्हणालो. नियमच होता तसा.

प्रार्थना झाली, माणसं पांगली, भाऊ खाटेवर टेकला. बायकोनं चहा आणला, त्याचा बिनसाखरेचा. त्याला शुगर झालीय हे मला माहीत नव्हतं. तिला होतं. म्हणजे माझा संशय खरा होता, सगळा कटच होता! मी तिच्याकडे रोखून पाहिलं.

"प्या, गार होतोय," ती म्हणाली.

मी प्यालो. भाऊ उठायला लागला, तेव्हा म्हणालो, "बस की अजून."