नकाशावर न काढलेलं मोहाचं झाड

नकाशा स्वच्छ असावा, हा माझा जुना हट्ट. जंगलाला लागून असलेल्या एका बंद कारखान्यातला घातक कचरा उचलायचा होता. त्याआधी सुरक्षेसाठी जागेचा नकाशा मी काढला. रसायनांच्या गाळाचे खड्डे, गंजलेले ड्रम, वाऱ्याची दिशा, संकटात पळायची वाट, सगळं रंगांत दाखवलं.

सोबत तिथला म्हातारा चौकीदार हिंडायचा. ड्रमांमागे कुंपण पडलेलं होतं, तिथं एक मोह होता. तो पिढ्यान्‌पिढ्या चौकीदाराच्या घरचा. गावात मोहाची झाडं अशी घराघरांत वाटलेली असतात.

"साहेब, मोह काऊन नाई दाखवला?"

"भाऊ, झाडं दाखवत बसलो तर अख्खं जंगल काढा लागन."

तो हसला, मीही हसलो.

मी नागभीडकडचा. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून मोहाखालचा पाला पेटवून जागा साफ करतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? माझी आई दरवर्षी तेच करायची. पण नकाशा काढताना मी साहेब झालो होतो.

पुढे पहारा कुठे, फलक कुठे, पाण्याचा टँकर कुठे, हे सगळं त्याच कागदावर बोट ठेवून ठरलं. मोहाची बाजू कागदावर कोरी होती. तिथे काहीच ठेवलं नाही.

मोहाची फुलं गळायच्या आधी एका सकाळी चौकीदाराच्या बायकोनं पाला पेटवला. वाळल्या गवतातून आग ड्रमांपर्यंत गेली. बाई पळाली नाही. हिरवी फांदी तोडून ती आग झोडपत राहिली, जंगलातला वणवा आम्ही झोडपतो तशी. तो धूर वेगळा होता. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली.

महिन्याभरानं सुधारलेला नकाशा घेऊन मी त्याच्या घरी गेलो. शिव्या खायची तयारी होती; खरं तर त्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यानं नकाशावरचा मोह बोटानं शोधला आणि बराच वेळ बोट तिथून उचललं नाही.

"मीच तुमाले बराबर सांगतलं नाई, साहेब," तो म्हणाला. "तिथी पाला पेटवतेत म्हून."

मला ते आधीपासून ठाऊक होतं, एवढं त्याला सांगायचं धैर्य मला त्या दिवशी झालं नाही, आणि आजही झालेलं नाही.