बहिणीचा पाय

सन १९५८. माझं वय एक्केचाळीस. दसरा झाला होता आणि रापणीला बांगडा लागत होता. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं लांब जाळं. भिजलेली दोरी खेचताना कमरेत कळ आली आणि थेट पावलापर्यंत उतरली. मी कोणाला बोललो नाही. घरी निघालो तर डावी वहाण पायात राहीना, ती हातात घेऊन आलो.

माझी विधवा बहीण माझ्याकडेच असे. ती पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेली. अशा माणसाने पाय लावला की पाठीत भरलेली उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. ती नको नको म्हणत होती, पण मीच पालथा पडलो आणि तिला पाठीवर उभी केली. दुसऱ्या दिवशी डावा पंजा वर उचलेना, नुसता लोंबायला लागला.

"दादा, माझ्या पायान तुझो पाय नेलो," एवढंच ती म्हणाली. मग ती माझ्यासमोर जेवायला बसेनाशी झाली. मी कित्येक महिने फळीवर पडून. कळ हळूहळू गेली, पंजा तसाच राहिला. रापणीचे लोक माझा वाटा घरी पाठवायचे. पण दोरीला हात लावील त्यालाच वाटा, हा आमचा रिवाज, म्हणून मी तो परत करायचो. पाटी डोक्यावर घेऊन परत द्यायला तीच जायची. तिथून रवळनाथाकडे जाऊन माझ्या पायासाठी गाऱ्हाणं घालायची. मी म्हणायचो, देवाला पाय हवा होता तर नेण्याआधी विचारायचं होतं.

शिमग्याच्या तोंडावर खाडी ओलांडायची होडी, म्हणजे तर, ओहोटीत अडकली. तरीची वाट बघणारा एक अनोळखी माणूस पाणी मागायला आमच्या पडवीत आला. माझी चाल बघून थांबला. हाडं आणि शिरा यांचाच तो डॉक्टर निघाला. मला उताणा निजवून त्याने पाय सरळ वर उचलला, तळव्याला टाचणी लावून बघितली, आणि कळ आली त्या दिवसाचं सगळं विचारलं. मी वहाणेचं सांगितलं. ते बहिणीने पाठीवर पाय द्यायच्या आधी की नंतर, असं त्याने दोनदा विचारलं. आधी, मी म्हणालो.

मणक्यांच्या मधली गादी हिसक्याने सरकते आणि पायाकडे जाणारी शीर दाबते, असं त्याने समजावलं. इतके दिवस गेल्यावर पंजा आता उचलेल असं वाटत नाही, हेही सरळ सांगितलं. जोर लावायचा नाही, पण पडूनही राहायचं नाही. मग दाराआड उभ्या असलेल्या बहिणीला म्हणाला, "बाई, असा पाय पुन्हा कुणाच्या पाठीवर देऊ नका. पण शीर दोरी ओढतानाच दाबली होती, म्हणून तर वहाण पायात राहिली नाही. यांचा पाय तुम्ही नेला नाहीत."

ती उंबऱ्यावर बसली आणि नवरा गेला तेव्हासुद्धा रडली नव्हती तशी रडली.

भरती आली, तो गेला. नाव विचारायचं राहिलं. वहाणेची गोष्ट इतके महिने माझ्याकडेच होती, पण विचारायला तो यावा लागला. त्याला कोणी पाठवलं ते मी सांगू शकत नाही. बहिणीने माझा पाय मागितला, तो मिळाला नाही. अजून ओढतच चालतो. पण पुढे कित्येक वर्षांनी ती गेली ती मनावर ते ओझं न ठेवता गेली, आणि मी देवासमोर मान ताठ ठेवायचं सोडलं.

डॉक्टर येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून किनाऱ्यावर गेलो. दोरीच्या शेवटाला रेतीत बसलो. "बसान खेचतलंस काय रे?" कोणीतरी चिडवलं. मी दोरीवर नुसता हात ठेवला. जाळं आलं, वाटे पडले. माझा वाटा पुढे आला तेव्हा बहिणीने सवयीने माझ्याकडे बघितलं. मी तिला पाटी पुढे करायला सांगितली.