सुरतेहून आलेलं कापड

कात्रीमावशीसारखी बेधडक बाई मी अख्ख्या श्रीरामपुरात पाहिली नाही. गिऱ्हाइकाचं कापड कितीही भारी असो, खडूची एक रेघ ओढायची आणि करकर कात्री चालवायची. बघणाऱ्याचा जीव खालीवर! ती म्हणायची, "कापडाला भ्यायचं न्हाई गं. भ्यालं की हात वाकडा जातो."

आणि हीच बाई स्वतःच्या एका कापडापुढे अगदी शेळी व्हायची.

तिचे मालक एसटीत ड्रायव्हर होते. सुरतेच्या फेरीवरून त्यांनी तिला मोतिया रंगाचं रेशमी कापड आणलं. "जगाचं शिवतीस, या नाताळाला सोतासाठी झंपर शिव," म्हणाले. नाताळाआधीच ते गेले आणि कापड ट्रंकेत राहिलं.

मी शेजारची, तिच्याकडे काजंबटणं करायला बसायचे. डिसेंबरात आमच्या ख्रिस्ती आळीचे सगळे नवे कपडे तिच्याच मशीनवर. ते उरकले की मावशी ते कापड मांडीवर घ्यायची, खडू हातात धरायची आणि तशीच बसून राहायची. मी चिडवायचे, "मावशी, आता काय स्वर्गात घालणार?"

"गप गं. चुकलं तर दुसरं कोन आनून देनार हाय?"



रेशमाची घडी अधूनमधून बदलावी, हे ती गिऱ्हाइकांना बजावून सांगायची. स्वतःचं मात्र न उलगडता त्याच वेड्यावाकड्या घडीत ठेवायची. का, तर "ही घडी त्यांनी घातल्याली हाय."

माझ्या लेकीचा बाप्तिस्मा नाताळात ठरला, त्या वर्षी मावशीने मनाचा हिय्या केला. "यंदा शिवतेच," म्हणत कापड उलगडलं, तर ते घडीघडीवर विरून फाटलेलं. मावशी ढसाढसा रडली. मलाही रडू आवरेना. मग तिने पदराने डोळे पुसले, धड राहिलेले तुकडे हाताने चाचपले.

"माझं झंपर न्हाई व्हत यात. तुझ्या पोरीचं झबलं व्हईल."

"नको मावशी, त्यांनी तुम्हाला दिलंय ते!"

"म्हनूनच तर. कुनाच्या तरी अंगावर जायला पायजे ना ते." आणि तिने कात्री उचलली.

चर्चमध्ये पाळकांनी डोक्यावर पाणी घातलं आणि आमच्या बाईसाहेबांनी भोकाड पसरून त्या रेशमावर दूध ओकलं. मी लाजेने अर्धी झाले. मावशी मात्र तोंडाला पदर लावून हसत होती. तिला इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता मावशी नाही. झबलं मात्र आळीतल्या बाळांच्या अंगावर फिरत असतं. परवाच एका घरून परत आलं, गळ्याशी थोडं उसवून. मी दोन टाके घातले आणि पुढच्या बाळंतिणीकडे पोचतं केलं.