लूपवाल्या बाईची बॅग

मला बॅग हवी होती ती साधीच. खांद्याला अडकवता यावी, पावसात भाकरी भिजू नये, काट्याकुट्यांत फाटू नये, आणि जळगाव जामोदच्या स्टँडवर उभी राहिले तर मी मास्तरीणबाई दिसावी, बाजाराला निघालेली बाई नव्हे. एवढ्याशा मागणीवरून आमच्या घरात कितीतरी दिवस वाद चालला. सासूबाईंचा सवाल सरळ होता, "पदराले गाठ मारता येते तं थैली कायले पाह्यजे?" आमचे हे कचेरीत कारकून. त्यांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या आणि जेवायला बसले.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात मुलींचा वर्ग निघाला आणि तिथं माझी नेमणूक झाली. एस.टी. फाट्यावर सोडायची. पुढं गाडीवाट, एक नाला आणि दोन्हीकडं पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी. सासूबाईंनी होकार दिला होता तो कुरकुरतच. वर्ग चालला तर ठीक, नाही चालला तर गुमान घरी. माझा मात्र त्या नोकरीत जीव अडकला होता. चुलीपाशी माझं मन कधी रमलं नाही, हे आज उघड सांगते. तेव्हा नुसतं मनात म्हणायचे.

आधी कापडी पिशवी नेली. पहिल्याच सरीत भाकरीचं पुन्हा पीठ झालं. मग वायरची नेली, तर तिच्या भोकांतून वाटभर खडू गळाले. मागून येणाऱ्या गाडीवानानं ते वेचून दिले आणि विचारलं, "बाई, घरची वाट इसरू नये म्हनून टाकून राह्यल्या का?" त्याच दिवशी मी त्या पिशवीत कांदे भरून तिला खुंटीला टांगलं.

एका लग्नाला मलकापूरला गेले, तेव्हा दुकानात ती दिसली. काळी, जाड चामड्याची, आटोपशीर, पितळी कडीची, लांब पट्ट्याची. दुकानदार चपला काढून तिच्यावर चक्क उभा राहिला. म्हणाला, "हे फाटत नाई बाई. सरकारी बाया हेच नेतात." मी सरकारी बाईच होते! आणखी काही विचारायची मला गरजच वाटली नाही.

सोमवारी बॅग मिरवत गावात शिरले, तर दारं पटापटा लागली. वर्गात एकच मुलगी, तीही उंबऱ्यावर, पळायच्या बेतात. मला वाटलं, हा बॅगेचा रुबाब! दुसऱ्या दिवशी मी तिला खोबरेल चोळून आणखी चकचकीत केलं. मग ती एक मुलगीही येईना. आठवडा गेला तरी वर्ग ओसच. महिनाअखेर साहेब तपासणीला येणार होते. वर्ग रिकामा दिसला की तो बंद, आणि मी चुलीपाशी.

मधल्या सुटीत मी विहिरीवर गेले. मला पाहताच बाया घागरी तशाच टाकून निघाल्या. एक म्हातारी तेवढी हलली नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, तुमच्या पाया पडतो, पन आमच्या पोरी लहान हायेत अजून. त्याहिले लूप कायले बसवता?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या दिवसांत सरकारनं कुटुंब नियोजनाचं मनावर घेतलं होतं. मूल राहू नये म्हणून बायांना लूप बसवायला नर्सबाई गावोगाव फिरायच्या, आणि त्यांच्या खांद्याला अगदी अश्शीच काळी बॅग असायची. तिला पाहिलं की बाया पऱ्हाटीत जाऊन लपायच्या.

माझं डोकंच फिरलं. "या, पाहा काय आहे ते!" म्हणत मी बॅग तिथंच दगडावर पालथी केली. गेलेल्या बाया हळूहळू परत आल्या. एकीनं भाकरी उलटून पाहिली, एकीनं खडू चाखला, तिसरीनं कोपरापर्यंत हात घालून आतलं अस्तर चाचपलं. आणि तिच्या हाताला एक पुडी लागली. मी झडप घातली, पण तोवर ती म्हातारीकडे पोचली होती. आत भाजक्या मातीचे खडे आणि चिंच.

म्हातारीनं वास घेतला. आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पोटाकडे. "कितवा महिना?"

मी मान खाली घातली. घरी कुणालाच सांगितलं नव्हतं, यांनासुद्धा नाही. कळलं असतं तर सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं असतं.

"अव माय! लूपवाली बाई, अन् सोताच पोटुशी!" कुणीतरी ओरडलं, आणि विहिरीवर असा हशा उसळला की मलाही राग धरवेना. म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "उद्यापासून पोरी येतीन."

"पण मीच किती दिवस येणार?" मी म्हणाले. "पोट दिसलं की माझी नोकरी सुटणार."

"काऊन सुटन? बाळंत झाली का सव्वा महिन्यानं लेकरू घिऊन ये. तू शिकव. त्याले पाह्याले आमी इतल्या जनी मेलो का?"

त्यावर मी इतकी रडले की मला पाणी पाजावं लागलं.

साहेब आले तेव्हा मुली दाटीवाटीनं बसल्या होत्या. पुढं मी बाळंत झाल्यावर म्हातारी स्वतः एस.टी.नं जळगाव जामोदला आमच्या घरी आली. दोघी म्हाताऱ्या ओसरीवर पानतंबाखू खात काय बोलल्या कोण जाणे. ती गेल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "जाय. पन लेकराच्या कानाले वारं लागू देऊ नको."

माझी लेक पहिलं पाऊल टाकती झाली ती त्या वर्गाच्या दारात, म्हातारीचं बोट धरून. मी तेव्हा फळ्याकडे तोंड करून पाढे लिहीत होते. मागून साऱ्या मुली एकदम ओरडल्या, म्हणून वळून पाहिलं.