यंत्रातली मुलगी

तापलेल्या वायरचा वास आला की मला सासरी, केज गावातला आमचा जुना टीव्ही आणि लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातली ती दुपार आठवते. नवरा ट्रकवर, सासूबाई आदल्या वर्षीच गेलेल्या. घरात मी आणि दुकानातून जेवायला येणारे सासरे, एवढेच. नव्यानं आलेल्या केबलवर राक्षसाएवढ्या लोखंडी यंत्रांच्या लढायांचं एक जपानी कार्टून लागायचं. त्या दिवशी मात्र लढाई झालीच नाही. यंत्र चालवणारी मुलगी खोलीत एकटीच जेवत होती. बाहेर पावलं वाजली की दाराकडे बघायची, आणि पावलं पुढे निघून जायची. भाषा कळत नव्हती, तरी मी हातातला घास परत ताटात ठेवला. सासरे तोवर माझ्याशी जेवणखाणापलीकडे कधी बोलले नव्हते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लई एकली हाय ती पोरगी," ते म्हणाले, आणि पुढे, "पाटोद्याला आईकडं जाऊन ये. माझं मी करून खातो." दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला एसटीत बसवलं. गाडी वळताना पाहिलं, तर ते फलाटावर तसेच उभे होते, आणि घरी त्यांच्याशी बोलायला कोण आहे, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं. आता मुलं पुण्यात आहेत, आणि दुपारी जेवायला मी एकटीच असते. फोनवर "कशी आहेस" विचारतात, तेव्हा मी "बरी हाय" म्हणते.