पेन्शनीतलं पापलेट

केळीच्या पानात बांधलेलं ताजं पापलेट हातात आलं, की त्या ओलसर खारट वासासरशी मला अलिबागचं आमचं अंगण आठवतं.

बाबा पोलिसात जमादार होते. दारात आलेली फुकटची मासळी त्यांनी कधी उंबरठा ओलांडू दिली नाही. हात जोडून परत पाठवायचे, आणि आम्ही पोरं तोंडं पाडून वालाचं बिरडं जेवायचो. मला तर त्यांचा रागच यायचा.

एकोणीसशे तीसच्या आसपास, तीस वर्षं भरून बाबा पेन्शनीत निघाले. मी बाळंतपणाला माहेरी आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते साध्या धोतरात अंगणात बसले होते, तोच कोळीवाड्यातली जनाबाई आली. कितीदा तरी हिरमुसून परत गेलेली. तिनं पान पुढे केलं. "आता न्हाय म्हनू नका, जमादार. काल तुमी सरकारचे व्हते. आज आमचे."

बाबा उठले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. हात थरथरत होते.

मला तेव्हा वाटलं, बाबा म्हातारे झाले. आता कळतं, त्या हातांना घ्यायची सवयच नव्हती.