लक्ष्मीच्या वडिलांची सही

गेल्या मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी, संध्याकाळी सव्वाचार वाजता, डहाणूजवळच्या सरावलीत एका एकोणीस वर्षांच्या मुलीवर अन्याय झाला. मी शेजारीच बसले होते, म्हणजे ऐकीव नाही.

मुलगी तलासरीकडची, माझ्या कॉलेजातली. घरच्यांनी तिला न विचारता लग्न ठरवलं. ती नाही म्हणाली, तर भावाने हात उगारला. ती निघाली ती थेट आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आली. तिसऱ्या दिवशी भाऊ दारात. बाबांनी त्याला कसंबसं घालवलं, पण पत्ता फुटला तो फुटलाच. आता दुसरी खोली हवी होती, तीही लगेच.

शोधताना कळलं, डहाणूत नकार तीन भाषांत मिळतो. मराठीत ‘बघू’, गुजरातीत ‘जोईशुं’, हिंदीत ‘देखते हैं’. अर्थ एकच: पोरी, पुढे चाल.

सरावलीच्या एका ओळखीच्या काकूंची चिकूच्या वाडीतली मागची खोली रिकामी होती. घरात उद्यापन. पाटावर घट, घटाला नथ, पुढे पाच फळं. काकूंनी आम्हाला हळदीकुंकू लावलं, दूध दिलं आणि मग मुद्द्यावर आल्या.

“भाड्याचं राहू दे गं. वडिलांची सही तेवढी आण.”

“काकू, त्यांच्यापासूनच तर निघालीय ती. उंदराला मांजराची साक्ष?”

“मग काकाची आण.”

“ते थोरलं मांजर.”

मी झोळीतून आमच्या कॉलेजच्या मुलींच्या गटाचं पत्रक काढलं. वर ठळक अक्षरांत: अठरा पूर्ण? निर्णय तुमचा!

काकूंनी चष्मा लावला. “मतदानाचं का गं हे?”

मी पेटलेच. “मतदानाचंच समजा! ही वडिलांच्या सहीशिवाय खासदार निवडते, आणि दहा बाय दहाची खोली नाही निवडू शकत? ही लक्ष्मी बसवलीत, तिच्या वडिलांची सही घेतलीत?”

काकू शांतपणे घटाकडे बघत म्हणाल्या, “ती कुठे मुक्कामाला आलीय? सकाळी उत्तरपूजा झाली की जाईल.”



एकेक केळं देऊन आमची बोळवण झाली. फाटकाबाहेर मुलगी केळं सोलत म्हणाली, “ताई, तू जरा कमी बोलली असतीस तर दोन-दोन मिळाली असती.” आम्ही हसलो. मग तिने विचारलं, “आज कुठे?”

तेव्हापासून ती कोसबाडला एका बाईंकडे ‘पाहुणी’ आहे. बाई भल्या, पण या रविवारी त्यांची लेक बाळंतपणाला येतेय. सोमवारी हिने जायचं कुठे? हायवेवर हात केला की तलासरीची गाडी थांबते. मला धास्ती त्या गाडीचीच आहे, ती हिला परत घरी नेईल.

हे वाचणाऱ्या डहाणूकरांनो, तुमच्याकडे एक खोली बंद आहे. त्यात जुन्या गाद्या आणि बिघडलेला कूलर आहे, मला ठाऊक आहे. गाद्या हलवा. करारावर सही ती स्वतः करेल, ती सज्ञान आहे. तिच्या वडिलांची सही मागू नका, तिच्या घरी फोन करू नका. रविवारच्या आत किल्ली तिच्या हातात द्या.